आठांतला एक

"हात लावू नकोस," श्यामकांत मान वर न करता म्हणाले.

"नाही लावत. पण पोळी कुठे ठेवून खाऊ तेवढं सांगा. मांडीवर?"

जेवणाच्या टेबलावर निळ्या रंगाचे आठ सेल रांगेत उभे होते. लिथियमचे. एकेक जाडजूड विटेएवढा आणि विटेहून जड. आठवडा होत आला, घरात एकच कार्यक्रम चालला होता. सेल पूर्ण भरायचा, टेस्टरला जोडून रिकामा करायचा आणि त्यातून खरोखर किती वीज निघाली ते बघायचं. एकेकाला पुरता दिवस जायचा. तोवर नवराबायको सोफ्यावर बसून हातात ताटं धरून जेवायची, आणि उमाच्या नाकातली नळी आमटीत बुडू नये म्हणून श्यामकांत मधूनमधून ती बाजूला करायचे.

उमाची फुप्फुसं आकसत चालली होती. बरं होण्यातलं दुखणं नव्हे, हे डॉक्टरांनी स्पष्टच सांगितलं होतं. हॉलच्या कोपऱ्यात ऑक्सिजनचं मशीन अहोरात्र घरघरत असे आणि त्याची नळी पुरेल तेवढंच तिचं जग होतं. स्वयंपाकघर, न्हाणीघर आणि बाल्कनी. बाल्कनीतून अंबरनाथच्या शिवमंदिराकडे जाणारी माणसं दिसत, तेवढीच करमणूक. लाईट गेली की इन्व्हर्टर, इन्व्हर्टर दमला की सिलिंडर. घराबाहेर पडायचं ते फक्त डॉक्टरकडे.

आणि तिला जायचं होतं गुहागरजवळच्या गावी, मालिनीताईकडे. आई गेली तेव्हा उमा एवढीशी होती. ताईने शाळा सोडली आणि तिला वाढवलं. वेण्या घातल्या, मार दिला, लग्नात आईच्या जागी उभी राहून रडली. आता ताईच अंथरुणाला खिळली होती. अंगणात पाय घसरला, खुबा मोडला आणि बाई परत उठलीच नाही. रोज संध्याकाळी फोन. ताई इकडचं तिकडचं चार शब्द बोलायची आणि शेवटी विचारायची, "कधी येतेस गं?"

"ॲम्ब्युलन्सने जाऊ या," श्यामकांतांनी सुरुवातीला सुचवलं होतं.

"नको. दारात ॲम्ब्युलन्स उभी राहिली तर ताईचा तिथेच जीव जाईल. आणि जाऊन तोंड दाखवून लगेच फिरायचं नाहीये मला. चार दिवस तिच्या उशाशी बसायचंय. तिकडे एकदा लाईट गेली की दोन-दोन दिवस येत नाही, माहितेय ना?"

म्हणून गाडी. आत पलंग, मशीन, आणि मशीन चालवायला बॅटऱ्या. बदलापूर गावातला हिंदुराव पूर्वी कंपनीची बस चालवायचा. त्याने एक जुनी मिनीबस मिळवली, सीटा काढल्या, पलंग ठोकला, टपावर सोलर बसवलं. त्याचं काम बघता बघता झालं. बॅटरीचं मात्र घोडं अडलं.

साध्या ॲसिडच्या बॅटऱ्या श्यामकांतांनी वजनावरून नापास केल्या. इलेक्ट्रिक रिक्षातून काढलेल्या जुन्या कोणीतरी दाखवल्या, त्यांना तर हातही लावला नाही. बाजारातली तयार पेटी उमाला पसंत होती, आणा आणि जोडा. पण ती चारी बाजूंनी बंद. "आत काय भरलंय ते न बघता मी तुझा श्वास त्याच्यावर टांगू?" असं म्हटल्यावर काय बोलणार? शेवटी उल्हासनगरच्या हरेशकडून सुटे सेल मागवले. एकाच लॉटचे आठ. ते यायलाच पावसाळा संपला.

आणि त्यातल्या सातव्याने दगा दिला. आधीचे सहा दोनशे ऐंशी अँपिअर-अवरच्या आसपास भरले होते, हा अडीचशेलाच आडवा झाला. श्यामकांतांनी टेस्टरवरचा आकडा पाहिला, चष्मा पुसला, परत पाहिला. त्यांच्या चेहऱ्यावर एक समाधान पसरलं. हा चेहरा उमाच्या चांगला ओळखीचा होता.

सगळी नोकरी त्यांनी केमिकल कंपनीत क्वालिटीला काढली होती. नमुना नापास म्हणजे लॉट नापास, ट्रक गेटवरून माघारी. मग मॅनेजर येवो की मालक. घरातही तीच तऱ्हा. एक वाटी चेपकी निघाली म्हणून अख्खा संच दुकानदाराच्या गळ्यात परत घालून आलेला माणूस हा.

हरेशला फोन लागला. स्पीकरवर होता, त्यामुळे उमाला सगळं ऐकू येत होतं.

"काका, एक सेलमध्ये गडबड आहे ना? मी आज शामको खुद येतो, तुमच्यासमोर टेस्ट करून बदली देतो. पूरा लॉट वापस कशाला?"

"एक वापरलेला निघाला म्हणजे कोणीतरी वरचं वेष्टन बदलून माल पाठवलाय. तू नाही, मला माहीत आहे. पण उरलेले सात पास झाले तरी उद्याचा काय भरवसा?"

"काका, सात बढिया आहेत. आणि काकींना अभी जायचंय ना?"

उमाने हातातलं ताट खाली ठेवलं. "अहो, ऐका ना त्याचं. एक बदलून घ्या. गुहागरला जायचंय, हिमालयात नाही."

"उमा, हे आठ ओळीने जोडायचे असतात. त्यातला कमजोर जिथे संपेल तिथे सगळे थांबतात. घाटात थांबले तर?"

"सिलिंडर आहे की गाडीत."

"आणि तो संपला तर?"

त्यांचा आवाज फाटला. एकदा न्हाणीघरात तिचे ओठ निळे पडले होते आणि सिलिंडरची चावी यांच्या हातून फिरत नव्हती, तेव्हाही आवाज असाच फाटला होता. हा हट्ट नव्हे, माणूस भ्यालाय, पार मुळापासून भ्यालाय, हे उमाला तेव्हा लख्ख कळलं. श्वास माझा आहे, मी ठरवीन, हे वाक्य तिच्या ओठांपर्यंत आलं होतं. ते तिने गिळलं.

"करा परत," ती म्हणाली.

हरेश स्वतः रिक्षा घेऊन आला. एका शब्दाने वाद न घालता त्याने सेल खोक्यात भरले. जाताना दारात घुटमळून म्हणाला, "काकी, नया लॉट आला की पहला फोन तुम्हालाच."

नवा लॉट बंदरात अडकला. का अडकला हे हरेशलाही धड सांगता येत नव्हतं. दिवाळी गेली, तुळशीचं लग्न झालं. तिकडे ताईचा आवाज दिवसेंदिवस खोल जात होता. एका संध्याकाळी तिने नेहमीचा प्रश्न विचारलाच नाही.

"ताई, आज विचारलं नाहीस, कधी येतेस म्हणून?"

"विचारलं की तुला दम लागतो गं. राहू दे."

फोन ठेवून उमा नवऱ्याकडे वळली. मग म्हणाली, "मला तुमचा राग येतो. खरंच खूप राग येतो."

श्यामकांत मशीनची जाळी धूत होते. "येऊ दे. राग येतोय म्हणजे श्वास आहे."

यावर हसावं की वाटी फेकून मारावी हे तिला कळेना.

दुसरा लॉट आला. पुन्हा टेबल गेलं, पुन्हा मांडीवर ताटं. आठही पास. हिंदुरावने ते गाडीत पलंगाखाली बसवले, वायरी ओढल्या, श्यामकांतांनी प्रत्येक नट दोनदा तपासला.

"सायेब," हिंदुराव म्हणाला, "पोरीला स्थळ बघताना पन मी येवढी पारख नाय केली."

"म्हणून तर जावई तसा मिळाला."

हिंदुराव खळखळून हसला. बाल्कनीतून ऐकणारी उमाही हसली. सोमवारी निघायचं ठरलं. तिने ताईसाठी मऊ सुती साडी काढून ठेवली, खोबऱ्याच्या वड्या केल्या.

शनिवारी सकाळी ताईच्या मुलाचा, यज्ञेशचा फोन आला.

"मावशी, आई गेली. झोपेतच गेली. तू घाईने निघू नकोस, तुझी तब्येत... आम्ही थांबत नाही."

श्यामकांत चहाचा कप घेऊन आले होते. तिच्याकडे बघून त्यांना विचारावं लागलं नाही. कप टेबलावर ठेवून ते मशीनशेजारी जमिनीवरच बसले. म्हणाले, "हिंदुरावला आत्ता बोलावतो."

"आता कशाला?"

त्यांनी फोन हातात घेतला. उमाने पदराने तोंड पुसलं. "बोलवा. तिच्या खोलीत तरी बसून येईन."

गाडी अंबरनाथ सोडून निघाली. उमा पलंगावर कुशीला टेकून पडली होती, मशीन आपल्या लयीत घरघरत होतं. श्यामकांत तिच्याकडे पाठ करून मीटरसमोर स्टुलावर बसले होते. पेण आलं, म्हणाले, "नव्वद टक्के." माणगावला म्हणाले, "ऐंशी." कशेडीलाही आकडा सांगितला. गाडी कुठे अडली नाही, तापली नाही, मशीनचा आवाज एकदाही बदलला नाही. चिपळूण मागे पडलं तेव्हा मात्र ते काहीच बोलले नाहीत. त्यानंतरही नाहीत.

"किती आहे?" उमाने विचारलं.

"आहे."

"किती?"

"पुष्कळ आहे, उमा. अर्ध्याच्या वर आहे." ते वळले नाहीत. "तो सातवा असता तरी पोचलो असतो आपण."

पुढे हिंदुरावने आपल्या खिडकीची काच वर केली. श्यामकांतांचे खांदे हलत होते. असू दे, असं उमाने म्हणायला हवं होतं, पण ते तिच्याने म्हणवेना, कारण तसं तिला वाटत नव्हतं. तिने पाय जवळ ओढून घेतले आणि पलंगाच्या कडेला जागा केली. थोड्या वेळाने ते स्टुलावरून उठून तिथे येऊन बसले. गाडी हमरस्ता सोडून ताईच्या गावाच्या रस्त्याला लागली.