मूसभोवतीचे वळण

यँटना नदीच्या पलीकडे रस्ता नाही. हाल्वर मामाचे लाकडी घर तिथे आहे, आणि त्या घरापर्यंत पोचायला त्याच्याकडे धातूच्या नळ्यांच्या सांगाड्यावर कापड चढवलेले दोन आसनांचे विमान आहे. हिवाळ्याचे पीठ, दिव्याचे तेल, करवतीची पाती, सगळे त्याच विमानाच्या पोटातून येते. दर दोन वर्षांनी वैमानिकाने एखाद्या प्रशिक्षकाला मागे बसवून उडून दाखवायचे आणि त्याची सही घ्यायची, असा नियम आहे. सही नाही तर उडणे नाही. आणि उडणे नाही तर मामाला ते घर नाही. त्या वर्षी आमच्या भागातल्या दोन्ही प्रशिक्षकांनी त्याला नकार दिला होता. तिसरी मी. त्याच्या बहिणीची मुलगी. मला उडायला त्यानेच शिकवले.

“सिग्ने, सही कर, कॉफी पी आणि जा,” तो म्हणाला. “उडून काय दाखवायचं तुला? तुझा शेंबूड पुसलाय मी.”

“उडावं लागेल, मामा.”

“त्या दोन शेळपटांनी कान भरलेत ना तुझे?”

“वळणात तू सुकाणूचा दांडा पोटाशी ओढतोस म्हणाले.”

“ओढतो की! ते लंगोटात होते तेव्हापासून ओढतोय. बस मागे. आणि तोंड बंद ठेव.”

वसंतात मी त्याच्या विमानात पंखांचा कोन मोजणारे नवे यंत्र बसवून दिले होते. पंखांची हवेवरची पकड सुटायच्या जरा आधी ते वैमानिकाच्या कानात किंचाळते. त्याची तार पक्कडीने कापलेली होती.

“हे कोणी केलं?”

“मी. बायको पण एवढी कोकलत नव्हती माझी.”

मी तारेची टोके पिळून जोडली. त्याने नाकावरचा पंखा हाताने फिरवला, इंजिन खोकले आणि पेटले. तो पुढे बसला, मी मागे. दोघांच्याही गुडघ्यांमध्ये एकेक दांडा. एक हलला की दुसरा हलतो, जणू एकाच प्राण्याची दोन हाडे.

सप्टेंबर होता. बर्चची झाडे पिवळी पडून उभी होती, आणि खाली नदी अनेक धारांत फाटलेली, कुणी नखांनी ओरबाडल्यासारखी. सुरुवातीला मामाने सुरेख उडवले. म्हातारपण त्याच्या गुडघ्यांत शिरले होते, हातांत नव्हते. मी मनातल्या मनात सही करून टाकली होती.

मग त्याला मूस दिसला, उत्तरेतले घोड्याहून थोराड हरीण.

शरदात इथे प्रत्येक वैमानिक खाली बघतो. एका मोठ्या नराचे मांस घरात हिवाळाभर पुरते. दलदलीत तो उभा होता, काळा, शिंगांवरून पाणी निथळत. मामाने विमान कलवले आणि त्याच्याभोवती घिरटी घेतली. वारा आम्हांला बाजूला लोटत होता. जनावर डोळ्यांतून निसटू नये म्हणून वळण आवळत गेले, आणि दांडा मागे, आणखी मागे. आवळलेल्या वळणात दांडा असा ओढला की पंखांची पकड सुटते. आमच्याकडच्या दफनभूमीत अशाच वळणांतून आलेली माणसे ओळीने झोपली आहेत.

“मामा, सोड. सरळ कर.”

“बघ तरी शिंगं! बापरे, बघ!”

यंत्र किंचाळले. त्याने कानावरचे हेडफोन ओरबाडून खाली फेकले. मी दांडा पुढे ढकलला. त्याने दुप्पट जोराने मागे खेचला. आतला पंख कुणी पाय कापावा तसा खाली कोसळला, आकाश पायांखाली गेले आणि दलदल समोरच्या काचेत चाकासारखी फिरू लागली. जमीन पाचशे फुटांवर. त्याहून थोडे कमीच. मी ओरडत होते, पण इंजिन माझे शब्द चावून थुंकत होते. मामाने दांडा दोन्ही हातांनी पोटात रोवला होता. मानेच्या शिरा दोरखंडासारख्या ताणल्या होत्या. घाबरलेला माणूस दगड होतो, हे त्यानेच मला शिकवले होते. दगडाला कुणी समजावत नाही, हेही.

आसनाखाली आग विझवायचे लोखंडी नळकांडे असते. ते मी उपसले आणि त्याच्या उजव्या खांद्यावर घातले. दगड हलला नाही. दुसरा घाव मानेजवळच्या हाडावर घातला, सगळ्या अंगाने, आणि ते हाड मोडल्याचे माझ्या मनगटाला कळले. त्याचा हात गळून पडला. मी दांडा पुढे झोकला, फिरण्याच्या उलट बाजूची पायपट्टी दाबली. फिरणे थांबले. समोर फक्त झाडे होती.

विमान वर येऊ लागले तेव्हा चाके फांद्या झोडपत होती. खिडकीची काच फुटली. फर झाडाचा एक तुकडा आत घुसून माझा गाल फाडून गेला. पुढे नदीतला गोट्यांचा लांबट पट्टा दिसला आणि मी त्यावर विमान आदळले. ते उसळले, नाकावर उभे राहिले, पंख्याने गोट्यांवर दोन ठिणग्या उडवल्या, आणि शेपूट धाडकन खाली आले.

मग शांतता. त्यात कापडावर टपटपणारे रक्त. त्याचे की माझे, कळेना.

“मारलंस मला,” मामा म्हणाला.

“हो.”

“मागून मारलंस.”

“पुढून जागा नव्हती.”

तो हसला असावा. मग कण्हला. मोडलेले हाड कातडीखाली तंबूच्या खुंटीसारखे उभे राहिले होते, आणि त्या हाताची बोटे निळी पडत चालली होती. मनगटाला नाडी लागत नव्हती. मी उपग्रहावरून मदत मागितली. उत्तर आले: खिंडीत ढग बसलेत, हेलिकॉप्टर उद्याच निघेल. उद्यापर्यंत तो हात टिकला नसता. कदाचित मामाही.

पंख्याची दोन्ही टोके पाकळ्यांसारखी मागे वळली होती. आमच्याकडे यावर एकच उपाय असतो. मी वाहून आलेला ओंडका पात्याखाली टेकवला आणि कुऱ्हाडीच्या पाठीने घाव घालू लागले. मामा चाकाला टेकून बघत होता.

“पीठ मळतेयस की लोखंड ठोकतेयस? जोर लाव!”

“लोखंड नाही, ॲल्युमिनियम आहे. तडकेल.”

“मग तडकू दे! मघाशी माझ्यावर लावला तेवढा तरी जोर लाव.”

मी मारत राहिले. प्रत्येक घाव कोपरातून दातांत चढत होता. तळव्यांचे फोड फुटले, कुऱ्हाडीचा दांडा ओला झाला. दोन्ही पाती अंदाजाने सारखी दिसू लागली तेव्हा मी धावपट्टीच्या वाटेतले मोठे गोटे हटवायला गेले. परत आले तर मामा पुढच्या आसनावर बसला होता, पट्टा बांधून.

“उतर.”

“विमान माझं आहे.”

“मागे बस, मामा. एका हाताने उडवणार आहेस?”

“या पट्ट्यावरून एका हातानं उडवलंय मी, दुसऱ्यात सँडविच होतं. तू मागे बस. मी इथून सरळ उडतो, तू सही करतेस, संपलं.”

“सही नाही मिळणार.”

वाऱ्यात फाटलेले कापड फडफडत होते.

“एका वळणावरून?”

“तू दांडा सोडला नाहीस.”

“मग मला नदीत ढकल. तेच म्हणतेयस तू. गावातल्या त्या म्हाताऱ्यांच्या खुराड्यात नेऊन टाकणार मला, खिडकीतून पार्किंग बघायला!”

मी त्याचा पट्टा सोडायला हात घातला आणि त्याचा बूट माझ्या छातीवर बसला. मी गोट्यांवर पडले. उठले, पुन्हा गेले. या वेळी टाच ओठावर आली आणि तोंडात दाताचा तुकडा खडीसारखा फिरला. माझ्या आतही काहीतरी सुटले. जे माणसाला माणूस म्हणून धरून ठेवते त्याची कुणीतरी तार कापावी तसे. मी त्याचा मोडलेला खांदा पकडला. चुकून नाही. तोच पकडला आणि ओढला. तो जे ओरडला त्याला कुठल्याच भाषेची अक्षरे नव्हती. नदीपलीकडचे कावळे उठले. तो माझ्या अंगावर शुद्ध हरपून कोसळला, आणि मी त्या जड, उबदार, लाकडाच्या धुराचा वास येणाऱ्या शरीराखाली पडून राहिले. मी लहान असताना याच छातीवर झोपत असे.

मी त्याला मागच्या आसनावर चढवले, कमरेपाशी दोरीने बांधले. मागच्या दांड्याची खीळ काढून तो उपसला. मामा शुद्धीवर आला होता, बघत होता. मी दांडा त्याच्यासमोर नदीत भिरकावला. पाण्याने तो लगेच गिळला.

वाकड्या पंख्याने सारे विमान थरथरत होते, डोळ्यांत उपकरणांचे आकडे विरघळत होते. गोटे संपले तिथे चाके सुटली. एक चाक पाण्याला लागून फवारा उडाला, आणि आम्ही वर होतो. जेमतेम.

थोड्या वेळाने त्याचे घर खाली आले. पत्र्याचे छप्पर, रचलेली लाकडे, गवताची धावपट्टी.

“इथं उतरव.” मागून ओरडत होता तो. “सिग्ने, इथं उतरव!”

मी विमानाचे नाक विलो गावाकडे धरून ठेवले. तिथे मी मागवलेली रुग्णवाहिका उभी होती.

“घरी उतरव मला! हात गेला तर जाऊ दे!”

मग त्याने मारायला सुरुवात केली. डाव्या मुठीने, माझ्या डोक्यावर, कानावर, मानेवर. हेडफोन तुटून पडले. त्याने माझे केस मुठीत धरले आणि डोके मागे खेचले; मला क्षितिज दिसेना, फक्त छताचे कापड. मी चाचपत विमान सरळ ठेवले. कानात ऊन रक्त साचले. त्याच्या जागी मी असते तर मीही हेच केले असते, आणि मी वळले नाही. घर मागे गेले. मूठ आणखी काही वेळ पडत राहिली, मग अंतराने, मग नुसती माझ्या खांद्यावर आपटून थांबली.

विलोच्या धावपट्टीवर विमान उतरले. मी इंजिन बंद केले. शुश्रूषा करणारी दोन तरुण माणसे स्ट्रेचर घेऊन धावत आली. मी दार उघडून खाली उतरले. पंखाचा आधार घेतला.

“अस्वल?” माझे तोंड बघून एकाने विचारले.

“नाही. आम्हीच.”

तो मामाच्या दोरीला हात घालणार तोच मामा अगदी हळू म्हणाला, “एवढ्यात नको.”

“काका, हाताला रक्त पोचत नाहीये, वेळ नाही आपल्याकडं.”

“माहितेय मला. जरा बसू दे.”

तरुणाने तरी हात पुढे केला. मी त्याच्या छातीवर दोन्ही तळवे ठेवून त्याला मागे लोटले, इतके जोरात की तो स्ट्रेचरवर आपटला.

“वेडी झालीस का गं?”

“जरा थांबा,” मी म्हणाले. माझ्या मुठी वळलेल्या होत्या, आणि त्यांनी त्या पाहिल्या.

ते थांबले. मामाने चांगल्या हाताने बाजूच्या नळीवरून बोटे फिरवली, जिथे वर्षानुवर्षांच्या घासण्याने रंग उडून धातू उघडा पडला होता. समोरच्या काचेतून त्याने धावपट्टीचे टोक पाहिले, मग त्यापलीकडचे डोंगर. त्याचे ओठ पांढरे पडले होते. मी मोजत नव्हते. मी फक्त उभी होते, त्याच्या आणि त्यांच्या मध्ये.

“हं,” तो शेवटी म्हणाला. “सोडव आता.”

दोरीची गाठ रक्ताने घट्ट बसली होती. मला ती दातांनी सोडवावी लागली.