एकटीच आलेली साडी

मी जानकीबाई. नारपोलीच्या रस्त्यावर जुने कपडे विकते. तोंडानं फटकळ हाय, पण धंद्यात खोटं न्हाय. कापडाच्या लूमवर राबणारे मजूर विचारतात, "चाची, मरे हुए का तो नहीं?" मी खेकसते, "मुर्दे का माल मैं छूती भी नहीं, चल!" मला बरोबर कळतं. माणूस गेलेल्या घरातनं बोहारणीकडं कपडे गठ्ठ्यानं येतात, चांगले, घडी घातलेले. जित्या माणसाचे येतात एकेक, फाटके, डागाळलेले.

माझ्या करिष्माला आधी नकार आले. "जुनेरं विकणारीची पोर" म्हणे! मेल्यांच्या आज्या काय रेशमात जन्मल्या होत्या? मग अकलोलीचं स्थळ आलं. पोराचं नाव भाविक, वळ गावच्या गोदामात सुपरवायझर. त्याला पोरगी फोटोतच आवडली. हे फिसकटलं तर पोरगी माझ्यासारखीच फुटपाथवर बसायची, हीच मला धास्ती.

त्याच आठवड्यात बोहारणीच्या चिंध्यांत एक जांभळी साडी निघाली. एकटीच, पदराला रफू केलेली. म्हटलं, जित्या बाईची हाय. धुतली, इस्त्री केली, बघायला आले तेव्हा करिष्माला नेसवली. पोरगी अशी दिसत होती, की माझीच दृष्ट लागायची.

भाविकची आई आनंदीबाई पोहे खाता खाता थांबली. उठून करिष्माजवळ गेली, पदर हातात घेतला.

"हे रफू मी केलंय," ती म्हणाली. "माझ्या लेकीची साडी हाय ही."

भांडली असती तर मीही पदर खोचला असता. पण ती ढसाढसा रडायला लागली. लेक बाळंतपणात गेलेली. बाकीचे कपडे तेव्हाच दिले, ही एक ठेवली होती. "घरात सून यायची, म्हणून परवा काळजावर दगड ठेवून हीपण बोहारणीला दिली गं बाय."

मी म्हटलं, "साडी घेऊन जा. पोरीला दुसरी नेसवते."

"तुमच्यावर राग न्हाय. पण आता हिच्याकडं बघितलं की मना तीच दिसंल. हिला मी कशी नांदवू?"

भाविक मान खाली घालून आईच्या मागनं गेला. साडी न्यायलाही थांबले न्हाईत.

"दुसरं स्थळ बघू गं," मी म्हटलं.

"आये, पुरे आता," करिष्मा म्हणाली. रडली न्हाय, त्याचंच मला भ्या वाटलं.

सकाळी गठ्ठा उचलायला गेले, तर तिनं तो आधीच डोक्यावर घेतलेला. "चल, आजपासनं मी बसते धंद्यावर." ठेव खाली, असं ओरडायला हवं होतं. मी नुसती तिच्या मागनं चालायला लागले. गुडघे ठणकत होते, आणि ओझं गेलं म्हणून मला मेलीला बरं वाटलं.