कोरडा ब्रश

रंगाऱ्यांनी ब्रश पाण्यात बुडवला, वाटीच्या काठावर दोनदा निथळला आणि बाईंचे डोळे मिटलेले आहेत याची खात्री करून घेऊन स्वतःच्या बाहीला पुसून पार कोरडा केला. तपकिरी रंगाच्या वडीवरून तो नुसता हवेतच फिरवला. मग डाव्या हातानं बाईंची हनुवटी धरून नाकपुडीपासून ओठाच्या कोपऱ्यापर्यंत त्यांनी एक रेघ ओढली. रेघ अर्थातच उमटली नाही.

"गुदगुल्या होतात हो," बाई डोळे न उघडता म्हणाल्या.

"हलू नका. रेघ बिघडेल."

दर प्रयोगाआधी हे असं नऊ महिने चाललं होतं.

रंगारी हे काही त्यांचं नाव नव्हे. छत्तीस वर्षांपूर्वी, या नाटकाच्या पहिल्याच प्रयोगाला, त्यांनी चेहऱ्यावर इतका रंग थापला होता की आरशात पाहून बाई म्हणाल्या, "हा माणूस भिंती रंगवायचं सोडून इकडे कुठे आला?" रंगपटात हशा पिकला आणि नाव चिकटलं ते चिकटलंच. बाईंचंही तसंच. तेव्हा त्या बत्तीस वर्षांच्या होत्या आणि नाटकातली हट्टी आजी सत्तरीची. ज्या मुलीला कालपर्यंत सगळे एकेरी हाक मारत होते, तिला त्या प्रयोगानंतर सगळे बाई म्हणू लागले. आता आणखी दोन वर्षांनी बाई आजीला गाठणार होत्या.

आजीच्या सुरकुत्या रंगाऱ्यांनी बेतल्या होत्या त्या आपल्या आत्याच्या चेहऱ्यावरून. कपाळावर तीन आडव्या, नाकापासून ओठांपर्यंत दोन खोल, डोळ्यांखाली दोन पिशव्या. प्रयोग संपला की बाई क्रीमचा बोळा तोंडावर फिरवत, कापूस तपकिरी होऊन निघे, आणि त्या आरशाला सांगत, "चला, सुटले बाई म्हातारीच्या तावडीतून." मग मुद्दाम पुढच्या दारानं बाहेर पडत. तिथे थांबलेल्या बायकांच्या तोंडून हमखास "अय्या!" निघायचं. अय्या, हीच का ती? ही तर पोर आहे! टाळ्या काय, सगळ्यांनाच मिळतात. तो 'अय्या' फक्त त्या दोघांचा होता. रंगारी पेटी घेऊन मागे उभे राहायचे आणि आपल्याला काही ऐकूच येत नाही असा चेहरा करायचे.

वय कुणाला चुकलंय? बाईंनी चाळिशी ओलांडली, पन्नाशी ओलांडली, तसा 'अय्या' बारीक होत गेला. पुढे बायका "तब्येत छान ठेवलीय हं तुम्ही" असं म्हणू लागल्या. एके दिवशी कुणीच काही म्हणालं नाही. एका मुलीनं फक्त आदबीनं बाजूला होऊन वाट करून दिली. त्यानंतर बाई मागच्या दारानं जाऊ लागल्या. तोंड पुसायच्या आधी आरशावरचे दिवे मालवायला सांगू लागल्या. "डोळ्यांना त्रास होतो," म्हणायच्या. रंगारी काही न विचारता बटण दाबायचे. सुटल्याचं ते वाक्य मात्र अंधारातही ठरल्याप्रमाणे व्हायचं.

गंमत म्हणजे खऱ्या सुरकुत्या आल्या त्या भलतीकडेच. कपाळ साठी उलटली तरी ताटासारखं गुळगुळीत राहिलं. भुवयांच्या मधे एक उभी रेघ आली, वरच्या ओठावर बारीक चुण्या आल्या, आणि नाकाशेजारची घडी पडली ती रंगाऱ्यांच्या रेघेच्या बोटभर बाहेर. इतकी वर्षं दोघांनी मिळून जिची तयारी केली ती म्हातारी आलीच नाही; दुसरीच कुणीतरी आली. जवळून पाहिलं तर बाईंच्या चेहऱ्यावर दोन आज्या दिसायच्या, एक रंगवलेली आणि एक खरी, आणि दोघींचं आपसात अजिबात पटत नव्हतं. म्हणून एकदा रंगाऱ्यांनी कपाळ सोडून दिलं. मग डोळ्यांखालचं सोडलं. शेवटी नुसती पावडर राहिली.

त्याच सुमारास त्यांचा उजवा हात कापायला लागला होता. रेघा हातामुळे थांबल्या की चेहऱ्यामुळे, हे त्यांनी स्वतःलाही कधी विचारलं नाही. पण बाईंना सांगायचं कसं? जन्मभर म्हातारीचं सोंग केलेल्या नटीला 'आता तुम्हाला रंगाची गरज नाही' असं कुठल्या तोंडानं म्हणायचं? आणि रंगाची गरज नाही, तर मग रंगाऱ्याची तरी कशाला? बायको गेल्यापासून त्यांचं कॅलेंडर प्रयोगांच्या तारखांवरच चालत होतं. तेव्हा झाकली मूठ सव्वा लाखाची, म्हणून ते ब्रश ओला करत, कोरडा करत आणि गप्प बसत.

दार ढकलून मॅनेजर आत आला. त्याच्या मागोमाग तिशीची एक मुलगी, खांद्याला भलीमोठी पेटी अडकवून.

"काका, ही आपली नवी मेकअपवाली. आज तुमचं काम बघेल. म्हणजे मग पुढच्या महिन्यापासून..." त्यानं वाक्य तिथंच सोडलं आणि तो बाईंकडे वळला. "आणि बाई, तो सुईचा प्रवेश जरा आटोपता घ्या. गेल्या खेपेला चार मिनिटं गेली."

"म्हातारीला सुई ओवायला वेळ लागतोच," बाई म्हणाल्या.

"लागू दे ना. पण तोवर प्रेक्षकही म्हातारे होतात."

स्वतःच्या विनोदावर स्वतःच हसत तो गेला. नवी खुर्चीच्या अगदी जवळ येऊन उभी राहिली.

"तुम्ही चालू ठेवा काका. मी मधेमधे करणार नाही."

रंगाऱ्यांनी तिच्या पेटीकडे पाहिलं. ही रीतसर शिकून आलेली मुलगी, हिला कोरडा ब्रश कळल्याशिवाय राहणार नाही. रेघ काढली नाही तर नऊ महिन्यांची लबाडी उघडी पडणार. काढायला जावं, तर हात. इकडे आड, तिकडे विहीर. त्यांनी ब्रश खाली ठेवला, कित्येक महिन्यांनी तपकिरी पेन्सिल उचलली, उजवं मनगट डाव्या हातानं घट्ट धरलं आणि टोक बाईंच्या नाकपुडीपाशी टेकवलं.

सुरुवात बरी झाली. अर्ध्या वाटेत पेन्सिल थरथरली, वाकडी झाली आणि तशीच गालाकडे गेली. नेहमीच्या गुदगुल्यांऐवजी काहीतरी टोकदार लागलं म्हणून बाईंनी डोळे उघडले.

आरशाभोवती सहा दिवे होते, त्यातले दोन गेलेले. बाकीच्या चारांच्या उजेडात बाई पुढे वाकल्या. गालावर रंगाऱ्यांची रेघ होती आणि तिच्या बोटभर बाहेर त्यांची स्वतःची. खऱ्या रेघेशेजारी ती रंगवलेली अगदीच पोरकट दिसत होती. बाईंनी दोन्हींकडे बराच वेळ पाहिलं. मग त्यांनी आरशातूनच रंगाऱ्यांचा हात शोधला. तो त्यांनी पाठीमागे नेला होता.

पहिली घंटा झाली.

"रंगारी, हे आज काय नवीन काढलंत?" बाई म्हणाल्या. "पुसा बघू ते. रोजचं करा."

"रोजचं?"

"रोजचं."

आणि त्यांनी पुन्हा डोळे मिटले. रंगाऱ्यांनी रेघ पुसली. ब्रश पाण्यात बुडवला, निथळला आणि नवीच्या देखत बाहीला पुसला. आता लपवण्यात काही अर्थ नव्हता. नवीनं ब्रशकडे पाहिलं, रंगाच्या वडीकडे पाहिलं, बाईंच्या चेहऱ्याकडे पाहिलं. ती काहीतरी म्हणणार एवढ्यात बाईच बोलल्या.

"आत्ता नको बोलूस बाळ. मला हसू येतं आणि मग रेघ बिघडते."

पांढरा टोप चढला, शाल आली, काठी आली. निघताना बाईंनी टेबलावरून काहीतरी उचललं आणि शालीखाली घेतलं.

दुपारचा प्रयोग होता, थिएटर बऱ्यापैकी भरलेलं. रंगारी नेहमीसारखे विंगेतल्या स्टुलावर बसले. नवी त्यांच्या बाजूला उभी राहिली.

दुसऱ्या अंकात सुईचा प्रवेश आला. नातवाच्या कोटाचं बटण तुटलेलं असतं. आजी कुणालाही हात लावू देत नाही, स्वतःच सुई ओवायला बसते. पूर्वी बाई तीनदा चुकल्याचा अभिनय करायच्या आणि चौथ्यांदा ओवायच्या. प्रेक्षक खूश. अलीकडे चुकायचा अभिनय करावा लागत नव्हता. दोरा खरोखरच कुठेतरी जायचा आणि शेवटी ओवल्यासारखं दाखवावं लागायचं.

दोरा एकदा चुकला. दुसऱ्यांदा चुकला. समोरच्या विंगेत मॅनेजरनं मनगटावरचं घड्याळ पाहिलं.

बाई थांबल्या. सुई त्यांनी मांडीवर ठेवली, शालीखाली हात घातला आणि चष्मा काढला. त्यांचा स्वतःचा, लाल काड्यांचा, रंगपटाबाहेर कुणी कधी न पाहिलेला. तो नाकावर चढवला, कधी नव्हे ते पाठ सरळ केली आणि एका दमात सुई ओवली. मग चष्म्यावरून त्यांनी प्रेक्षकांकडे असं काही पाहिलं की जणू विचारत होत्या, झालं समाधान?

क्षणभर कुणाला काही कळलं नाही. मग मागच्या रांगेत कुणीतरी खो खो हसलं आणि टाळ्या सुरू झाल्या त्या थांबेचनात.

"वस्ताद आहे," रंगारी पुटपुटले. त्यांना हसू येत होतं आणि भरूनही येत होतं. दोन्ही एकदम आल्यामुळे त्यांनी रुमाल काढून नाक शिंकरलं.

प्रयोगानंतर रंगपटाच्या दारातच मॅनेजरनं नवीला गाठलं.

"काय मग, बघितलंस ना सगळं? घेशील पुढच्या महिन्यापासून?"

"बाकी सगळ्यांचे मेकअप मी करेन," नवी म्हणाली. "बाईंचा काकांकडेच राहू दे. त्यांच्याइतका हलका हात माझा नाही."

"हलका म्हणजे?"

"म्हणजे रंग लावलाय हे कळतच नाही."

"तेच तर!" मॅनेजर म्हणाला. "मलाही वाटलंच, आज चेहरा किती खरा दिसत होता."

आत बाईंनी टोप उतरवून ठेवला होता. रंगाऱ्यांनी सवयीनं दिव्यांच्या बटणाकडे हात नेला.

"राहू दे," बाई म्हणाल्या.

त्यांनी कापसाच्या बोळ्यावर क्रीम घेतलं आणि चेहऱ्यावर फिरवलं, कपाळावरून, गालांवरून, आरशात पाहत, सावकाश. बोळा पांढराच निघाला. त्यांनी तो उजेडात धरून रंगाऱ्यांना दाखवला.

"नऊ महिने टोपलीत असाच कापूस पडतोय. मला काय दिसत नव्हतं?"

"मग बोलला का नाहीत?"

"मला वाटलं, हात कापतो म्हणून काढत नसाल रेघा. उगाच कशाला बोलून दाखवायचं?"

"आणि मला वाटलं, तुम्हाला राग येईल."

"आला असता," बाईंनी कबूल केलं. "आज सकाळपर्यंत नक्कीच आला असता."

नाकाशेजारच्या घडीवरून त्यांनी एक बोट वरपासून खालपर्यंत फिरवलं, शिवण तपासावी तसं. दुसऱ्या बाजूलाही फिरवलं.

"तुमच्या आत्यापेक्षा बरी निघाली हो ही."

"आत्या फार तापट होती," रंगारी म्हणाले.

ते नेहमीच्या वाक्याची वाट पाहत थांबले. पण बाईंनी ते म्हटलं नाही. त्यांनी चष्मा पुसून पर्समध्ये टाकला, चपला घातल्या आणि मागच्या दाराकडे न वळता पुढच्या दाराकडे चालू लागल्या. रंगारी पेटी उचलून गडबडीनं मागे गेले.

बाहेर अजून ऊन होतं. पायऱ्यांच्या वरच्या टोकाला चाळिशीतली एक बाई आपल्या मुलीला घेऊन थांबली होती.

"बाई! केव्हापासून वाट बघतोय तुमची," ती म्हणाली. "माझ्या आईनं सांगितलं होतं, प्रयोगानंतर त्यांना मेकअपशिवाय नक्की बघ म्हणून. तुम्ही उतरवून या ना, आम्ही थांबतो. मुळीच घाई नाहीये आम्हाला."

"उतरवलाय हो," बाई म्हणाल्या.

ती हसली. मग तिला कळलं. तिनं जवळून नीट पाहिलं, कपाळ, ओठ, गालावरची ती घडी, आणि काय बोलावं हे सुचायच्या आधीच तिच्या तोंडून निघून गेलं,

"अय्या!"

बाई मनापासून हसल्या. मागे रंगारी पेटी घेऊन उभे होते, आपल्याला काही ऐकूच येत नाही असा चेहरा करून.

मायलेकी गेल्यावर बाईंनी खाली पाहिलं. पायऱ्या बऱ्याच होत्या आणि उन्हात त्यांच्या कडा एकमेकींत मिसळल्या होत्या.

"हात द्या हो रंगारी."

रंगाऱ्यांनी पेटी उजव्या हातात घेऊन डावा पुढे केला.

"तो नको. कठडा तिकडे आहे, मला या बाजूनं हवा."

"तो कापतो बाई."

"कापू दे," बाईंनी त्यांचा उजवा हात धरला. "पायऱ्याच उतरायच्यात, रेघ थोडीच काढायचीय?"