खाली सरकलेला डोळा

मित्रांनो, जरा माझ्याकडे नीट बघा. माझा डावा डोळा उजव्यापेक्षा अर्ध्या बोटाने खाली आहे. हनुवटीला तडा गेला आहे, कपाळाचा पांढरा रंग पिवळा पडला आहे आणि अंगाला सदैव टाल्कम पावडरीचा वास येतो. मी एक जुना रबरी मुखवटा आहे. एके काळी मला बघून भल्याभल्यांची बोबडी वळायची, हे तुम्हाला आज खरे वाटणार नाही.

माझा जन्म एका स्वयंपाकघरात झाला. चित्रपटांसाठी रंगभूषा करणाऱ्या एका बाईंनी मला घडवले. त्यांना सगळे मावशी म्हणत, म्हणून मीही मावशीच म्हणतो. खरे तर त्या माझी आई. त्यांनी प्लास्टरच्या साच्यावर पातळ रबराचे थर दिले आणि मला घरच्या ओव्हनमध्ये भाजायला ठेवले. पुढे महिनाभर त्या ओव्हनमधल्या प्रत्येक पदार्थाला रबराचा वास येत होता आणि घरातली मंडळी नाके मुरडत होती.

रबर गार होताना आक्रसते. म्हणून डोळ्यांची भोके पूर्ण गार झाल्यावरच कापायची असतात. मावशींना हे पाठ होते, पण दुसऱ्या दिवशी सकाळीच चित्रीकरण होते. त्यांनी घाईघाईत मी गरम असतानाच कात्री चालवली. माझा डावा गाल जाड झाला होता. तो जास्त आक्रसला आणि त्याने डोळ्याला खाली ओढून नेले. मावशींनी कपाळावर हात मारला. दुसरा मुखवटा करायला ना रबर उरले होते ना वेळ.

तो चित्रपट होता मुखवटेवाल्या खुन्याचा. अशा चित्रपटांत एक खुनी असतो, त्याच्या हातात सुरा असतो आणि तो माणसांना एकेक करून गाठतो. तुम्ही अजून लहान आहात, तेव्हा ते मोठे झाल्यावरच पाहा. आमच्या खुन्याचे काम करणारा माणूस मुळात हमाल होता. कपाटे, पलंग पाठीवर घेऊन जिने चढायचा. सेटवर एक पलंग पोचवायला आला आणि त्याची उंची पाहून दिग्दर्शकाने त्याला तिथेच ठेवून घेतले. सगळे त्याला लंबू म्हणू लागले.

लंबूला माझ्या उजव्या डोळ्यातून समोरचे दिसायचे, डाव्यातून फक्त स्वतःचे पाय. एका डोळ्याने अंतराचा अंदाज येईना. सुरा खोटा असला तरी नटीला लागेल, या भीतीने बिचारा घामाघूम व्हायचा. म्हणून तो तिच्यासमोर आला की थांबायचा, मान हळूच एका बाजूला कलती करायचा, अंदाज घ्यायचा आणि मगच हात उगारायचा. दृश्य संपले की माझ्या आतून दबक्या आवाजात विचारायचा, "ताई, लागलं नाही ना?"

"अरे लंबू, मान सरळ ठेव! खुनी आहेस की फोटोग्राफर?" दिग्दर्शक ओरडला होता. मग त्याने ते दृश्य पडद्यावर पाहिले आणि पुन्हा एकदा लावायला सांगितले. थोड्या वेळाने म्हणाला, "उद्यापासून असंच कर."

चित्रपट तुफान चालला. ती मान कलली की चित्रपटगृहात किंकाळ्या उठत. लोकांना वाटे, खुनी विचार करतोय, हिला आत्ता मारू की जरा वेळाने? खरे कारण आम्हा दोघांनाच ठाऊक होते. भिंतीभिंतीवर माझे चित्र लागले. मी इतका फुगलो, की रबर असूनही फुटलो कसा नाही, याचे आता मला नवल वाटते.

चित्रपटाच्या शेवटी सगळ्यांची नावे यायची. कुत्रा आणून देणाऱ्याचेसुद्धा नाव होते. खुन्याच्या जागी मात्र एकच शब्द होता, 'मुखवटा'. मला आनंदाच्या उकळ्या फुटल्या. माझेच नाव ना! लंबूची बायको शेवटपर्यंत डोळे ताणून बसली होती. "तुमचं नाव कुठंय हो?" तिने विचारले. लंबू हसला. "अगं, आतल्या माणसाला कोण विचारतं?" तेव्हा मला त्या बोलण्यात काही वावगे वाटले नाही.

मग दिवस पालटले. दिग्दर्शक गेला. मावशींचे हात थरथरू लागले, तेव्हा त्यांनी माझा खोका लंबूच्या स्वाधीन केला. "ह्याला ऊन लागू देऊ नकोस. आत कागद भरून ठेव, नाहीतर तोंड बसेल. वर्षातून एकदा पावडर लाव," त्या म्हणाल्या. पुढच्याच वर्षी त्याही गेल्या. मग लंबूची बायको गेली. जन्मभर कपाटे वाहून त्याचे गुडघे कामातून गेले होते आणि खोली होती तिसऱ्या मजल्यावर. खाली उतरणे कमी झाले, तसे वर येणारेही कमी झाले. एक खुर्ची, एक खिडकी, एक मी.

पावडर वर्षातून एकदा पुरते. लंबू मला दर रविवारी लावायचा. दुसरे काम काय होते त्याला? खोका उघडून म्हणायचा, "काय रे, कोणी आलं होतं का?" कोणीच आलेले नसायचे. जिन्यात पावले वाजली की तो बोलता बोलता थांबायचा. पावले दुसऱ्या मजल्यावरच थबकायची आणि एखादे दार लागायचे. मला त्या दाराचा फार राग यायचा.

दोन वर्षांपूर्वी पावले वरपर्यंत आली. आमच्या चित्रपटाचा रिमेक होणार होता आणि नवा मुखवटा घडवणारी एक चष्मेवाली मुलगी मला बघायला आली होती. लंबूची नुसती धांदल उडाली. एकुलती एक खुर्ची तिला दिली आणि स्वतः पलंगाच्या कडेवर बसला. तिने माझ्यावर कसलासा दिवा फिरवून माझे माप घेतले. मुलगी गुणी होती, मला अगदी जपून हाताळत होती. मग तिने फोनवर नव्या मुखवट्याचे चित्र दाखवले.

"काका, जुन्यात डोळ्याची चूक झालीय ना? आम्ही ती दुरुस्त केली. आता दोन्ही डोळे एका रेषेत."

लंबूने तोंड उघडले. मी मनात म्हणालो, सांग, अरे सांग तिला! तो चित्राकडे पाहत म्हणाला, "छान झालाय हो."

जाताना ती म्हणाली, "पहिल्या खेळाला तुम्हाला बोलावणार. नक्की!"

दार लागल्यावर तो मला म्हणाला, "सांगायला हवं होतं, नाही? पण आपण कपाटं उचलणारी माणसं. सिनेमातलं आपल्याला काय कळतं?"

त्याने सदरा इस्त्री करून खुंटीला अडकवला. फोन उशाशी ठेवू लागला. आपल्याला एकदा तरी कोणी म्हणेल, हा तो माणूस, एवढीच त्याची आस होती. त्याने ती बोलून दाखवली नाही, पण दर रविवारी त्याची बोटे माझ्या कपाळावरून फिरत, तेव्हा मला ती कळत असे. फोन आला नाही. मुद्दाम टाळले असेल असे नाही, विसरली असेल. विसरणेच जास्त लागते, मित्रांनो.

शेवटी त्याने स्वतःच दुपारच्या खेळाचे तिकीट काढले. मला कापडी पिशवीत घातले आणि कठडा धरून, एकेक पायरी उतरत गेला. चित्रपटगृहात जेमतेम अकरा माणसे होती. मांडीवरच्या पिशवीतून मी डोळे वर काढून पाहत होतो.

नवा मुखवटा देखणा होता, खोटे कशाला बोलू? पण नव्या खुन्याला सगळे नीट दिसत होते. तो सरळ चालत यायचा आणि सरळ सुरा मारायचा. रक्त भरपूर होते, भीती मात्र औषधालाही नव्हती. पुढे कोणी तरी मोठ्याने जांभई दिली.

मग ते आमचे दृश्य आले. जिना, दार, कोपऱ्यातली नटी. खुनी तिच्यासमोर उभा राहिला, मान ताठ. आणि मला जाणवले की माझ्या वर, अंधारात, लंबूची मान हळूहळू कलते आहे. चाळीस वर्षांपूर्वीसारखीच. त्याला स्वतःला ते कळलेही नसावे. तो फक्त अंदाज घेत होता, त्या नटीला लागू नये म्हणून.

खुर्ची करकरली, म्हणून पुढच्या रांगेतल्या एका बाईने मागे वळून पाहिले. पडद्याचा उजेड लंबूच्या कलत्या चेहऱ्यावर पडला होता. ती अशी किंचाळली, की सगळे चित्रपटगृह दचकले. त्या दुपारची ती एकमेव किंकाळी.

लंबू घाबरला. पुढे वाकून त्याच दबक्या आवाजात म्हणाला, "ताई, लागलं नाही ना?"

बाई छातीवर हात धरून पुरती मागे वळली. "अहो, ही मान... लहानपणी दादाबरोबर चोरून पाहिला होता मी तो सिनेमा. आठ दिवस आईला चिकटून झोपले. तो मुखवट्यातला माणूस... तुम्ही का?"

लंबूने गडबडून मला पिशवीतून बाहेर काढले. तिने माझ्याकडे ओझरते पाहिले आणि नजर पुन्हा त्याच्याकडे वळवली. तेव्हा माझा सगळा तोरा उतरला. लोक मला कधी भ्यालेच नव्हते. भीती त्या मानेत होती, आणि ती मान होती एका भल्या माणसाची काळजी.

लोक मला विचारतात, जुन्या भीतिपटांचे रिमेक बघण्यासारखे असतात का? बघा बापडे. हा रिमेक आला नसता, तर ती बाई त्या खुर्चीत बसली नसती. पण जुन्याची चूक सुधारण्याआधी, तिच्यासोबत जो जगला त्याला एकदा विचारा. आणि तो 'छान झालंय' म्हणाला, तर पुन्हा एकदा विचारा.

पडद्यावर नावे सरकू लागली, माणसे उठून गेली. ते दोघे बसून राहिले. यातही त्याचे नाव नव्हते.

"तुमचं नाव काय?" बाईने विचारले.

"लंबू."

"ते नव्हे हो. खरं नाव."

मग तो खुर्चीचा हात धरून उभा राहिला आणि हजेरी देणाऱ्या मुलासारखे त्याने आपले, वडिलांचे आणि घराण्याचे, असे पूर्ण नाव सांगितले. मी ते तेव्हा पहिल्यांदा ऐकले.

मित्रांनो, मुखवटा दिसला की आतल्या माणसाचे नाव विचारा. मी त्याच्या चेहऱ्याच्या इतका जवळ होतो, आणि मी कधी विचारले नाही.