पल्लवीने आणलेला चहा

चांगुणाबाईंनी डब्याचं झाकण उघडलं, नाक जवळ नेलं आणि घाईघाईने ते पुन्हा दाबून बसवलं. चहाच्या काळ्या, बारीक पानांना डांबरगोळ्यांचा वास लागला होता.

हा चहा त्यांच्या लेकीने, पल्लवीने, चीनहून आणला होता. पुण्याच्या कारखान्याने तिला तिकडे प्रशिक्षणाला पाठवलं होतं. घरातून परदेशी गेलेलं ते पहिलं माणूस. रंगनाथरावांनी तिच्याकडून त्या चहाची सगळी रीत शिकून घेतली. डब्याला हवा लागू द्यायची नाही, ऊन नाही, मसाल्यांच्या फळीवर तर ठेवायचाच नाही. पावसाळ्यात ते तापाने दवाखान्यात पडले. घरात माणसांची ये-जा वाढली, म्हणून चांगुणाबाईंनी डबा कपड्यांच्या ट्रंकेत टाकला आणि विसरल्या.

आता पल्लवी पुण्याहून दोन दिवसांसाठी आली होती.

"आज आपला साधाच करू का? आलं घालून," त्या म्हणाल्या.

"छे. पोरगी किती दिवसांनी आलीय," म्हणत रंगनाथरावांनी त्यांच्या हातातून डबा घेतला.

पाणी उकळल्यावर त्यांनी गॅस बंद केला, थोडं थांबले, पानं टाकली आणि झाकण ठेवलं. दूध नाही, साखर नाही. झाकण काढताना त्यांचा चेहरा थेट वाफेवर होता. आता विचारतील, चांगुणाबाईंना वाटलं. त्यांनी पदराचं टोक मुठीत धरलं.

रंगनाथरावांनी कप मांडले आणि चहा गाळला.

बाहेरच्या खोलीत पल्लवीने एक घोट घेतला, थबकली आणि आईकडे पाहिलं. चांगुणाबाईंनी मान खाली घातली.

"वा," रंगनाथराव डोळे मिटून म्हणाले. "आधी गुळासारखा, मग मागून फुलाचा वास. जरासुद्धा उतरला नाही."

"हो, बाबा," पल्लवी म्हणाली आणि तिने कप संपवला.

चांगुणाबाईंना सुटल्यासारखं वाटायला हवं होतं. पण त्यांना गेल्या आठवड्यातलं दूध आठवलं. करपून घरभर वास पसरला होता, आणि एरवी फोडणी जरा जळली तरी बाहेरून हाक मारणारे रंगनाथराव दाराशीच पेपर वाचत बसले होते.

ते कप घेऊन स्वयंपाकघरात आले, तेव्हा चांगुणाबाईंनी हळू आवाजात विचारलं, "तुम्हाला वास येत नाही ना?"

रंगनाथरावांनी नळ सोडला.

"त्या तापापासून. डॉक्टर म्हणाले, येईल कदाचित. पल्लवीला बोलू नकोस. तिकडे एकटी काळजी करत बसेल."

"आणि मला?"

ते कप विसळत राहिले. एक विसळून झालेला कप त्यांनी पुन्हा विसळला.

"खरं सांग," ते म्हणाले. "चहा बरा झाला होता ना? मी आपला आठवून आठवून केला."

चांगुणाबाईंनी त्यांच्या हातातला ओला कप घेतला आणि पुसायला लागल्या.

"छान झाला होता," त्या म्हणाल्या.