पोटात समुद्र, कपाळी कुंकू

मी एक जुना संगणक आहे. माझ्या पोटात अख्खा अरबी समुद्र आहे, पण मित्रांनो, अंगावर चमचाभर पाणी सांडलं तर मी संपलो! खरा समुद्र मी कधी पाहिला नाही. निघोजेच्या औद्योगिक वसाहतीतल्या एका गाळ्यात, कारखान्यांनी मोडीत काढलेल्या तीन संगणकांचे अवयव जोडून समुद्राचा अभ्यास करणाऱ्या वर्षालीताईंनी मला उभं केलं. जहाजातून तेल सांडलं की वारा आणि प्रवाह ते कुठे नेतील, हे शोधणं माझं काम. पोटातल्या समुद्रात तेलाचे दहा हजार ठिपके मांडून मी एकेकाच्या मागे धावायचो. माझा पंखा असा घोंघावायचा, की भरती आली समजून शेजारच्या गाळ्यातले कामगार विजारी दुमडून घेत. खोटं वाटत असेल तर त्यांच्या घोट्यांना विचारा.

एका खंडेनवमीला गाळ्याचे मालक नानासाहेब यांनी मला बंद केलं, कुंकू लावलं, झेंडूची माळ घातली. तेवढ्यात कोकणातून ताईंच्या आईचा फोन आला. समुद्रात तेल सांडलं होतं. गावाला खाड्या दोन आणि तेल अडवायचा तरंगता बांध एकच. तो कुठल्या खाडीच्या तोंडाशी लावायचा? आई तर खाडीतल्या तिसऱ्या, म्हणजे शिंपल्या, विकूनच पोट भरत होती.

ताईंनी बटणाकडे हात नेला.

"अगं पोरी, आज यंत्राचा इसावा. हात लावायचा न्हाई!" नानासाहेब ओरडले.

"नाना, तेलाला कुठे आहे सुट्टी?"

"आन् देव कोपला म्हंजी?"

"देवाची समजूत काढता येईल. माझ्या आईची तुम्ही काढाल?"

मग नानासाहेबांनीच माळ उतरवली आणि मला म्हणाले, "माफ कर गड्या. आजचा ओव्हरटाइम समज."

मी तापलो, धापा टाकल्या, पण दुपारपर्यंत सांगितलं: उत्तरेची खाडी. दुसऱ्या दिवशी तेल तिथेच आलं आणि बांधाला अडलं. ताईंनी माझ्या पाठीवर थाप मारली. ती थाप अजून जपून ठेवली आहे.

आता ताई रावेतच्या नव्या कार्यालयात, नव्या यंत्रावर काम करतात. मी इथेच, खोक्यांच्या मागे. पाल चुकचुकली तरी कुणीतरी हाक मारल्यासारखं वाटतं. दर खंडेनवमीला नानासाहेब येतात, कुंकू लावतात, म्हणतात, "लई राबलास गड्या. आता इसावा घे." आणि दार ओढून जातात.

मित्रांनो, इसावा एक दिवसाचा गोड असतो. तुमच्या घरी एखादं जुनं यंत्र असेल, तर माळ राहिली तरी चालेल. अधूनमधून बटण तेवढं दाबा. माझ्या पोटातल्या समुद्राला फार वर्षांत भरती आलेली नाही.