साळिंदराच्या पिंजऱ्यातला कोबा

प्राणिसंग्रहालयाच्या म्हाताऱ्या राखणदाराने दुसरी पेटी उघडली. आत नुसते गळलेले काटे. साळिंदराची मादी नव्हतीच.

जुन्या पिंजऱ्यात नवा कोबा करायचा होता, म्हणून साळिंदरांची जोडी सकाळी दोन लोखंडी पेट्यांत घालून हातगाडीवरून या तात्पुरत्या पिंजऱ्यात आणली होती. दुसऱ्या पेटीत काटे खुळखुळले, तशी त्याने आत न डोकावताच झडप पाडली. जन्मभर ज्या आवाजावर भरवसा ठेवला, त्यानेच दगा दिला. मादी पेटीत शिरली असेल, अंग झाडून पुन्हा बाहेर पडली असेल. आणि उजेडाला भिऊन ती जाणार कुठे? बिळात.

तो धावत सुटला. जुन्या पिंजऱ्यात त्याचा जावई ओल्या काँक्रीटवर थापी फिरवत होता. गवंडीकाम त्याचंच.

"कोपऱ्यात बीळ होतं ना?"

"होतं की. तोंडावर फरशीचा तुकडा ठेवला आणि ओतलं वरून. का हो मामा, चेहरा का असा?"

"मादी आत आहे."

"काहीतरीच! पिंजरा रिकामा झाला म्हणून तुम्हीच सांगितलंत."

"मीच सांगितलं. आता पहार द्या."

"मामा, साहेब येतीलच बघायला. माझं इथलं पहिलंच काम. तुमच्या लेकीला काय सांगू, तुझ्या बापाने मोडलं?"

"सांगा, बापाचं डोकं फिरलं म्हणून. पण जावईबापू, हात जोडतो, ती गुदमरतेय हो खाली!"

उत्तराची वाट न बघता त्याने पहार उचलली, काँक्रीट तुडवत कोपरा गाठला आणि वेड्यासारखे घाव घालायला लागला.

"थांबा!" जावई ओरडला. "फरशी तिच्याच अंगावर बसेल. सरका तिकडे. माझं काम मलाच नीट मोडता येतं."

तो घमेलं घेऊन उपसू लागला. जितकं उपसावं, तितकं कडेचं पुन्हा आत सरकत होतं. अखेर फरशी निघाली. राखणदार पालथा पडला, खांद्यापर्यंत हात आत घातला. माती. आणखी माती. मग बोटांना पाय लागला, गार पडलेला. त्याने तो धरला, तर पाय झटक्याने आत ओढला गेला.

"आहे! जिवंत आहे!"

"मग काढा लवकर! कडा ढासळतायत."

पण ती घाबरून आणखी खोल सरकली होती, हाताच्या पलीकडे. जावई काँक्रीट छातीने अडवून आडवा झाला. बाहेर साहेबांची हाक ऐकू आली. दोघांपैकी कुणी मान वर केली नाही.

"ये गं माझे बाई, मागे फीर," राखणदार बिळाला तोंड लावून विनवत होता. "हवा इकडे आहे गं, इकडे!"